युद्धकाळातला अन्याय शिकवताना

१९६२चे भारत-चीन युद्ध शाळेत साधारण एका तासात उरकते. २० ऑक्टोबरला हल्ला, २१ नोव्हेंबरला चीनची एकतर्फी युद्धबंदी. मध्ये रेझांग ला इथे मेजर शैतान सिंग आणि १३ कुमाऊँच्या जवानांनी दिलेली झुंज. मग कृष्ण मेनन यांचा राजीनामा आणि संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाणांना दिल्लीहून आलेले बोलावणे. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला गेला, हे सांगताना महाराष्ट्रातल्या शिक्षकाचा आवाज थोडा चढतो आणि तो चढायलाच हवा.

त्याच दिवसांत देशाच्या आत आणखी काही घडत होते, ते मात्र बहुतेक वर्गांत पोचतच नाही. आसाम, शिलाँग, दार्जिलिंग, कालिम्पाँग, सिलिगुडी अशा ठिकाणांहून चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना पोलिसांनी घरातून उचलले आणि राजस्थानातल्या देवली इथल्या छावणीत नेऊन ठेवले. त्यांत तान्ही मुले होती, थकलेली म्हातारी माणसे होती, भारतातच जन्मलेले आणि चीन कधीही न पाहिलेले लोक होते. ना आरोपपत्र, ना खटला. युद्ध महिनाभरात थांबले. छावणीतले शेवटचे लोक बाहेर पडायला मात्र १९६७ उजाडले.

हा विषय वर्गात घ्यावा असे वाटणाऱ्या, पण 'कसा घेऊ' म्हणून अडखळणाऱ्या शिक्षकांसाठी हा लेख आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : अन्यायाचा धडा हा माणसांनी घेतलेल्या निर्णयांचा धडा म्हणून शिकवा. नुसती दुःखाची कहाणी सांगितली की मुले हळहळतात आणि तास संपला की विसरतात. कोणी यादी केली, कोणी सही केली, कोणी गप्प राहिले हे समजले, तर पुढच्या वेळी ओळखायचे कसे हेही समजते. दुसरे तितकेच महत्त्वाचे : या धड्यात वर्गातल्या एकाही मुलाला साक्षीदार किंवा आरोपी म्हणून उभे करू नका. बाकी सगळे मार्गदर्शन या दोन गोष्टींतूनच येते.

आधी आपली तयारी

फळ्यासमोर उभे राहण्याआधी शिक्षकाला पाच-सहा गोष्टी पक्क्या माहीत हव्यात.

चिनी वंशाची माणसे भारतात १९६२ साली उपटलेली नव्हती. कोलकात्याजवळचे अछिपूर हे गाव अठराव्या शतकात तिथे साखरेचा कारखाना काढणाऱ्या एका चिनी माणसाच्या नावावरून ओळखले जाते. आसामात चहाचे मळे सुरू झाले तेव्हा, १८३०च्या दशकापासून, चिनी कारागीर आणि मजूर आणले गेले. कित्येकांनी तिथल्याच मुलींशी लग्ने केली. माकुमसारख्या गावात त्यांच्या तीन-चार पिढ्या नांदल्या. मुंबईत माझगावला त्यांचे सी यिप कून मंदिर आजही उभे आहे.

२६ ऑक्टोबर १९६२ रोजी आणीबाणी जाहीर झाली आणि भारत संरक्षण वटहुकूम निघाला. ३ नोव्हेंबरला राष्ट्रपतींच्या आदेशाने संविधानाच्या २१ आणि २२ या अनुच्छेदांखाली न्यायालयात दाद मागण्याचा हक्क स्थगित झाला. काही दिवसांनी त्यात समानतेच्या अनुच्छेद १४चीही भर पडली. परदेशी नागरिकांबाबतच्या कायद्यात दुरुस्ती झाली. मूळच्या भारतीय वंशाच्या नसलेल्या माणसाचे आई-वडील किंवा आजी-आजोबा कधी काळी शत्रुदेशाचे नागरिक असतील, तर त्यालाही परदेशी समजून कारवाई करता येऊ लागली. मग मोठ्या माणसांबरोबर त्यांची मुलेही गाडीत बसवली गेली. आसामातून देवलीपर्यंतचा प्रवास सुमारे आठवडाभराचा होता. १९६३मध्ये चीनने जहाजे पाठवली आणि छावणीतले बरेच लोक त्यांतून चीनला गेले. त्यांच्यातल्या अनेकांसाठी तो परका मुलुख होता. जे मागे राहिले त्यांतल्या कित्येकांना सुटून आल्यावर घर, दुकान लिलावात गेलेले दिसले. पुढे अनेक कुटुंबे कॅनडात, टोरोंटोच्या परिसरात स्थायिक झाली. सरकारने या प्रकरणी आजवर माफी मागितलेली नाही.

देवलीच्या छावणीचा आधीचा इतिहासही मुलांना सांगण्यासारखा आहे. १९४०-४१मध्ये इंग्रज सरकारने कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे, जयप्रकाश नारायण यांच्यासारख्यांना याच ठिकाणी विनाचौकशी डांबले होते आणि तिथे मोठे उपोषणही झाले होते. परकीय सरकारने उभारलेली छावणी स्वतंत्र भारताच्या सरकारने एकवीस वर्षांनी पुन्हा वापरली.

वाचायला साहित्य आहे. रीता चौधरी यांची 'माकम' ही असमिया कादंबरी, यिन मार्श यांचे आत्मकथन, छावणीतच जन्मलेल्या जॉय मा आणि मुंबईचे लेखक दिलीप डिसोझा यांचे 'द देवलीवालाज' हे २०२०चे पुस्तक, रफीक इलियास यांचा माहितीपट. सगळे वाचून व्हायची वाट पाहू नका. एखादे पुस्तक नीट वाचले तरी चार तासांची शिदोरी होते.

वर्गात कोण कोण बसले आहे?

हा प्रश्न टाचण काढण्याआधी स्वतःला विचारा, कारण 'सगळ्यांसाठी' धडा करायचा म्हणजे आपल्या त्या चाळीस-पन्नास मुलांसाठी करायचा.

एखादी मुलगी मणिपूर, सिक्कीम किंवा नेपाळकडची असेल. तिला मधल्या सुट्टीत 'चिनी' म्हणून हाक मारली जात असेल. आपल्या धड्यात चीनचा उल्लेख आला की सगळ्या माना तिच्याकडे वळतील. एखाद्या मुलाचे वडील सैन्यात असतील. युद्धाच्या काळात सरकार चुकले, हे ऐकताना त्याला आपल्या वडिलांवर शिंतोडा उडाल्यासारखे वाटेल. एखाद्या मुस्लिम मुलाला युद्धाचा विषय निघाला की आपल्या देशप्रेमाची परीक्षा घेतली जाणार, हे अनुभवाने माहीत असेल. विमुक्त समाजातली मुले असतील. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांच्या पणज्यांना जन्मानेच गुन्हेगार ठरवले होते आणि तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ला गेला तरी पोलिसांची नजर गेली नाही, हे त्यांनी घरी ऐकलेले असते. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणात राहिलेल्यांची नातवंडे-पतवंडे आज त्याच शहरातल्या शाळांत शिकतात. 'वंशावरून संशय' ही गोष्ट अशा मुलांना शिक्षकापेक्षा लवकर समजते.

याशिवाय कोणाला दिसत नाही, कोणाला ऐकू येत नाही, कोणाला वाचताना अक्षरे नाचल्यासारखी वाटतात, कोणाच्या घरी मराठी बोलतच नाहीत.

या सगळ्यांसाठी तीन नियम पाळावेत.

पहिला : कोणत्याही मुलाला 'तुमच्याकडे असे झाले होते का?' असे वर्गासमोर विचारू नका. मूल आपणहून सांगू लागले तर मन लावून ऐका, आभार माना आणि पुढे चला. त्याला समाजाचा प्रतिनिधी करू नका.

दुसरा : ज्या मुलांना हा विषय लागू शकतो असे वाटते, त्यांच्याशी आदल्या दिवशी एकांतात बोला. 'उद्या आपण असा विषय घेणार आहोत. त्यात चिनी वंशाच्या लोकांवर झालेला अन्याय येणार आहे. मध्येच बाहेर जावेसे वाटले तर खूण कर, मी काही विचारणार नाही.' एवढे पुरते. सैनिकाच्या मुलाशीही असेच बोला : 'सीमेवर लढलेल्यांचा मान या धड्यात कुठेही कमी होणार नाही.'

तिसरा : पहिल्याच मिनिटाला वर्गाला सांगा की चिनी सरकार, चिनी सैन्य आणि चिनी वंशाचे भारतीय या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली जखमी चिनी सैनिकांवर उपचार करायला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले, हे बहुतेक मुलांना माहीत असते. सरकारे भांडतात, तेव्हाही माणसांची नाती वेगळी असू शकतात, हे सांगायला तो दाखला पुरेसा आहे.

चार तासांचे टाचण

*तास पहिला : नकाशा आणि माणसांची साखळी*

फळ्यावर भारताचा नकाशा लावा. माकुमपासून देवलीपर्यंत लोकरीचा धागा ओढा. हाच नकाशा पुठ्ठ्यावर वेगळा करून घ्या : सीमेला जाड सुतळी, गावांच्या जागी डाळीचे दाणे चिकटवलेले. दृष्टिहीन मुलांसाठी तो लागतोच, पण तो सगळ्या गटांत फिरवा. बोटाने अंतर चाचपल्यावर आठवडाभराचा प्रवास डोळस मुलांनाही जास्त कळतो.

मग घटना साध्या शब्दांत सांगा. युद्ध, आणीबाणी, आदेश, अटक, गाडी, छावणी. प्रत्येक शब्दाचे कार्ड, त्यावर चित्र, खाली एक वाक्य.

यानंतर या तासाचा गाभा. गटांना विचारा : एका कुटुंबाला माकुममधून उचलून देवलीला पोचवायला किती जणांचे हात लागले असतील? सुरुवातीला मुले 'पोलीस' म्हणतील आणि थांबतील. पुढचे प्रश्न तुम्ही द्या. यादी कोणी केली? यादीत नाव आहे हे कोणी सांगितले? आदेश कोणी टंकलिखित केला? गाडीचे वेळापत्रक कोणी आखले? स्टेशनवर पाणी कोणी दिले आणि कोणी नाकारले? घराला कुलूप कोणी लावले? दुकानाच्या लिलावात बोली कोणी लावली? गुरुजींनी दुसऱ्या दिवशी हजेरीपटावरच्या त्या नावाचे काय केले?

शेवटच्या प्रश्नापाशी वर्ग शांत होतो, कारण हजेरीपट मुलांच्या रोजच्या जगातला आहे. फळ्यावर साखळी काढा आणि सांगा की यातल्या बहुतेकांनी आपापले काम केले, एवढेच. आपण रोज ज्याला 'काम' म्हणतो त्याच्या बेरजेतून केवढी गोष्ट घडू शकते, हे मुलांच्या हाती लागले की पहिला तास सार्थकी लागला. अमुक गोष्ट अमक्याने नक्की केली, असे पुराव्याशिवाय म्हणू नका. 'असा कोणीतरी असावा लागतो' आणि 'हे नोंदलेले आहे' यांतला फरक फळ्यावर दोन रंगांच्या खडूंनी दाखवा.

*तास दुसरा : कायदा वाचताना*

एक कार्ड तयार करा आणि ते काल्पनिक आहे, हे त्यावरच लिहा : 'वय १३. जन्म माकुम. आई आसामी. वडील भारतात जन्मलेले. आजोबा चीनहून आलेले. शाळेत आसामी माध्यम.' मुलांना १९६२च्या नियमाचा सोपा सारांश द्या आणि विचारा : या मुलीवर कारवाई होऊ शकेल का? तिने काय केले म्हणून? नियम आजोबांकडे पाहतो की तिच्याकडे?

आता संविधानाचे अनुच्छेद १४ आणि २१ शेजारी ठेवा. कायद्यापुढे सगळे समान. कायद्याने ठरवून दिलेल्या रीतीशिवाय कोणाचेही स्वातंत्र्य काढून घेता येणार नाही. मग हे संरक्षण त्या मुलीला का मिळाले नाही? इथे राष्ट्रपतींच्या आदेशाची गोष्ट येते. सरकारची बाजूही नीट मांडा. सैन्य मागे हटत होते, तेजपूर रिकामे होत होते, हेरगिरीची धास्ती होती आणि ती धास्ती पोकळ कल्पना नव्हती. एखाद्यावर संशय असेल तर त्याची चौकशी करणे सरकारचे कामच आहे. प्रश्न इथून पुढे सुरू होतो : एकेकाची चौकशी करणे आणि अख्ख्या समाजाला उचलणे यांत काय फरक आहे? तान्ह्या मुलावर कसला संशय?

तासाच्या शेवटी १९७८ची ४४वी घटनादुरुस्ती सांगा. आता आणीबाणीतही अनुच्छेद २० आणि २१ खालचा न्यायालयात जाण्याचा हक्क काढून घेता येत नाही. ही दुरुस्ती १९७५च्या आणीबाणीच्या अनुभवातून आली, देवलीमुळे नव्हे, हे स्पष्ट सांगा. पण तेच कवच १९६२ साली असते तर काय झाले असते, हा प्रश्न गृहपाठाला उत्तम आहे. नागरिकशास्त्र आणि इतिहास एका बाकावर बसतात, ते असे.

*तास तिसरा : दुसऱ्या देशाने काय केले*

तुलनेसाठी अमेरिका घ्या. ७ डिसेंबर १९४१ला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ला अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाच्या आदेशावर सही केली. त्यानंतर जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना पश्चिम किनाऱ्यावरून हलवून छावण्यांत ठेवले गेले. त्यांतले दोन-तृतीयांश लोक अमेरिकन नागरिक होते. फ्रेड कोरेमात्सू यांनी आदेश मानला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९४४मध्ये त्यांच्या विरोधात निकाल दिला. मात्र तिथे गोष्ट संपली नाही. छावण्यांत राहिलेल्यांच्या मुला-नातवंडांनी मागणी लावून धरली. अमेरिकन काँग्रेसने नेमलेल्या आयोगाने १९८३मध्ये सांगितले की या निर्णयामागे लष्करी गरज नव्हती. वंशद्वेष, युद्धाचा उन्माद आणि राजकीय नेतृत्वाचे अपयश ही खरी कारणे होती. त्याच वर्षी कोरेमात्सू यांची शिक्षा रद्द झाली. १९८८च्या कायद्याने सरकारने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले.

इथे एक छायाचित्र वापरा. डोरोथिया लँग यांनी मार्च १९४२मध्ये ओकलंड शहरात ते घेतले. किराणा दुकानाच्या दर्शनी भागावर मोठी पाटी आहे. तीवर इंग्रजीत लिहिले आहे : मी अमेरिकन आहे. हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी दुकानमालकाने ती लावली होती. तो कॅलिफोर्निया विद्यापीठाचा पदवीधर होता. फोटो काढला तेव्हा दुकान बंद झालेले होते.

फोटो दाखवताना घाई करू नका. आधी एका मुलाला फोटोत काय दिसते तेवढेच बोलून दाखवायला सांगा : काय लिहिले आहे, कुठे लिहिले आहे, रस्ता कसा आहे, माणसे आहेत का. अर्थ नंतर. हे वर्णन न दिसणाऱ्या मुलांसाठी आवश्यक आहे आणि बाकीच्यांना नीट पाहायला शिकवणारे आहे. ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी वर्णनाचे मुद्दे फळ्यावर लिहीत जा, बोलणाऱ्याचा चेहरा त्यांच्याकडे राहील अशी बैठक ठेवा. मग विचारा : ही पाटी कोणासाठी लावली होती? ती लावायची वेळ त्याच्यावर का यावी? शेजारच्या दुकानावर अशी पाटी का नव्हती?

शेवटी दोन रकाने काढा : अमेरिका आणि भारत. आदेश, कायदा, लोकसंख्या, कालावधी, न्यायालय, चौकशी आयोग, माफी, भरपाई. भारताच्या रकान्यातल्या शेवटच्या तीन जागा रिकाम्या राहतील. त्या मुलांनाच पाहू द्या. 'अमेरिका चांगली, आपण वाईट' असा निष्कर्ष निघू लागला तर आठवण करून द्या की तिथेही माफीला ४६ वर्षे लागली आणि ती आपोआप आली नाही. मागणी करणारे नागरिक होते म्हणून आली.

*तास चौथा : कोणी काय करू शकत होते?*

पहिल्या तासातली साखळी पुन्हा फळ्यावर काढा. प्रत्येक कडीपाशी विचारा : या जागेवरचा माणूस वेगळे काय करू शकत होता? त्यात त्याला धोका किती होता?

उदाहरण म्हणून क्लारा ब्रीड यांची गोष्ट सांगा. त्या सॅन दिएगोच्या सार्वजनिक ग्रंथालयात मुलांच्या विभागाच्या ग्रंथपाल होत्या. त्यांच्याकडे येणाऱ्या जपानी वंशाच्या मुलांना १९४२मध्ये गाडीत बसवून नेले, तेव्हा त्या स्टेशनवर गेल्या आणि स्वतःचा पत्ता घातलेली, तिकीट लावलेली पोस्टकार्डे मुलांच्या हाती दिली. पुढे त्या छावणीत पुस्तके पाठवत राहिल्या. मुलांनी लिहिलेली पत्रे आज लॉस एंजेलिसच्या जपानी-अमेरिकन राष्ट्रीय संग्रहालयात जपलेली आहेत. ब्रीड यांच्यामुळे आदेश रद्द झाला नाही. तरी एका ग्रंथपालाच्या हातात किती करण्यासारखे होते, हे मुले लगेच ओळखतात.

या तासाचे काम गटाला निवडू द्या. कोणी साखळीचा तक्ता करील, कोणी मोबाइलवर दोन मिनिटांचे बोलणे ध्वनिमुद्रित करील, कोणी रिकाम्या तीन जागांत काय यायला हवे याचे निवेदन लिहील, कोणी हातवाऱ्यांच्या भाषेत मांडील. प्रकार वेगळा, अट एकच : प्रत्येकात किमान दोन पुरावे आणि एक निर्णय आला पाहिजे.

साहित्य सोपे, विचार तोच

समावेशक शिक्षणाच्या नावाखाली एक चूक वारंवार होते. वाचायला जड जाणाऱ्या मुलाला सोपा उतारा देताना प्रश्नही सोपा केला जातो. बाकीच्यांना 'का घडले?' आणि त्याला 'कोणत्या साली घडले?' असे करू नका. उतारा चार ओळींचा करा, मोठ्या टायपात छापा, लांब वाक्ये तोडा, अवघड शब्दाशेजारी अर्थ द्या, कोणाकडून वाचून घ्या, घरच्या भाषेत बोलायची मुभा द्या. प्रश्न मात्र सगळ्यांना तोच द्या. देवलीतल्या तान्ह्या मुलावर कसला संशय होता, हा प्रश्न विचारायला वाचनाचा वेग लागत नाही.

लेखनिक घेणाऱ्या मुलाला लेखनिक आधीच ठरवून द्या. जोड्या लावताना एकच हुशार मूल कायम मदतनीस आणि दुसरे कायम मदत घेणारे, असे होऊ देऊ नका. नकाशा चाचपून सांगण्याचे काम दृष्टिहीन मुलाकडे द्या. त्यात तो इतरांपेक्षा सरस ठरेल.

हे टाळा

वर्गात छावणी उभारू नका. बाके ओढून कुंपण करणे, निम्म्या मुलांना कैदी आणि निम्म्यांना पोलीस करणे, छातीवर नंबर लावणे यातून पाच वर्षांची कैद समजत नाही. काही मुलांना ती गंमत वाटते, काहींना ती घरची जखम असते. 'समजा तुला उद्या उचलून नेले तर' हा निबंधही नको. त्याऐवजी ज्यांनी प्रत्यक्ष भोगले त्यांनी काय सांगितले, ते वाचू द्या.

दुःखांची स्पर्धा लावू नका. ज्यूंचे जास्त की जपानी-अमेरिकनांचे, फाळणीतले जास्त की देवलीतले, असा वाद सुरू झाला तर थांबवा. प्रत्येक घटनेत कोणते निर्णय झाले, याकडे वर्ग वळवा.

रडवण्याचा प्रयत्न करू नका. एखाद्या मुलाने काहीच भावना दाखवली नाही, तर ते मूल निर्दय ठरत नाही.

आणि एखाद्याने 'गद्दार' वगैरे शब्द वर्गात काढलाच, तर हसण्यावारी नेऊ नका आणि त्या मुलाला झोडपूही नका. 'हा शब्द १९६२मध्येही लोकांना लावला गेला होता. पुरावा काय होता?' असे शांतपणे विचारा.

मुख्याध्यापक आणि पालक

विषय सुरू करण्याआधी मुख्याध्यापकांना टाचण दाखवा आणि पालकांना चार ओळींची चिठ्ठी द्या : काय शिकवणार, किती तास, कोणत्या साधनांनी. 'पोरांना देशाविरुद्ध शिकवता का?' असे कोणी विचारले तर उत्तर तयार ठेवा. रेझांग लाचे जवान ज्या देशासाठी लढले, त्याच देशाच्या संविधानाने अनुच्छेद १४ दिला. दोन्हींचा मान एकाच तासात राखता येतो. आपल्या घरातली चूक बोलून दाखवता येणे ही घराची ताकद असते, हे पालकांना पटते, फक्त आपण ते कचरत कचरत सांगता कामा नये.

आपल्या जिल्ह्यातले धागे

वेळ असेल तर प्रकल्प स्थानिक करा. सप्टेंबर १९३९मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच इंग्रज सरकारने भारतातल्या जर्मनांना पकडून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ठेवले. त्यांत हिटलरच्या छळातून पळून आलेले ज्यूही होते. ज्यांच्यापासून जीव वाचवून आले त्यांच्याच बरोबर, केवळ पारपत्र जर्मन म्हणून, त्यांना एका छावणीत राहावे लागले. काहींना चौकशीनंतर सोडले गेले. माणसामाणसाची चौकशी केली की काय फरक पडतो, याचा हा दाखला आपल्याच मातीतला आहे. पुढे काही कुटुंबांना पुरंदर आणि साताऱ्यालाही ठेवले होते.

याच्या उलट चित्र कोल्हापूरजवळ वळिवडे इथले. रशियातल्या हद्दपारीतून सुटून आलेल्या सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांना १९४३ ते १९४८ या काळात तिथे आसरा मिळाला. तीही छावणीच होती, पण आसऱ्याची. एकाच युद्धात, आजच्या एकाच राज्यात, कोणासाठी दार बंद झाले आणि कोणासाठी उघडले, हे कोणी आणि कशावरून ठरवले? नववीच्या मुलांनी यावर खुशाल वाद घालावा.

मूल्यमापन

सनावळ्यांची परीक्षा घ्या, पण गुणांचा मोठा वाटा पुढच्या तीन प्रश्नांना द्या.

१. साखळीतली एक कडी निवडा. त्या माणसाने घेतलेला निर्णय, त्याच्यासमोरचे पर्याय आणि त्याचा परिणाम सांगा.

२. सरकारचा सर्वांत भक्कम मुद्दा कोणता होता? तो कुठपर्यंत पटतो आणि कुठे पटत नाही?

३. तुमच्या उत्तरातली कोणती गोष्ट पुराव्याने सांगता येते आणि कोणता तुमचा अंदाज आहे?

मुलाचे मत तुमच्या मताशी जुळले म्हणून गुण देऊ नका. एखाद्याने सरकारची बाजू पुराव्यासह मांडली, तर त्याला पूर्ण गुण मिळाले पाहिजेत. मते जुळवून घेणारा वर्ग देवलीच्या यादीवर सही करणारे हातच तयार करतो.

चार तास काढणे अवघड आहे, हे मला ठाऊक आहे. अभ्यासक्रम मोठा, चाचण्या डोक्यावर, शाळाबाह्य कामे वेगळीच. चार नसतील तर दोन तास काढा, दोन नसतील तर एक काढा आणि त्या एका तासात साखळीचा उपक्रम तेवढा घ्या. या मुलांपैकी कोणी उद्या तलाठी होईल, कोणी पोलीस, कोणी स्टेशनमास्तर, कोणी शिक्षक. अनेकांच्या टेबलावर कधी ना कधी एखादी यादी येईल. ती पुढे सरकवण्याआधी 'यातल्या प्रत्येकाने काय केले आहे?' असे विचारायची सवय आपल्याला आताच लावता येते. इतिहासाच्या शिक्षकाचे ते कामच आहे.